जुनाच माल की नवा माल? गेम कंपन्यांचा हिशोब आणि तुमचं दुसरं प्रॉडक्ट



६ सप्टेंबर २०२४, शुक्रवार. या एका दिवशी सोनी कंपनीत दोन गोष्टी घडल्या. पहिली गोष्ट, ‘कॉन्कॉर्ड’ नावाचा त्यांचा नवाकोरा गेम बंद करण्यात आला. तो बाजारात आला होता २३ ऑगस्टला. म्हणजे १४ दिवस. ज्यांनी ज्यांनी विकत घेतला त्या सगळ्यांना पैसे परत. गेम बनवायला कित्येक वर्षं गेली होती, बनवणारा फायरवॉक नावाचा स्टुडिओ सोनीने आदल्याच वर्षी विकत घेतला होता, आणि पुढच्या महिन्यात, ऑक्टोबरात, तो स्टुडिओही बंद झाला. माणसं घरी गेली.

दुसरी गोष्ट, त्याच दिवशी ‘अ‍ॅस्ट्रो बॉट’ नावाचा गेम दुकानात आला. एक छोटासा पांढरा रोबो, उड्या मारतो, पडतो, उठतो. बनवणारी टीम साठ-पासष्ट माणसांची. डिसेंबरात त्याला ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम म्हणून पहिलं बक्षीस मिळालं.

आता तुम्ही म्हणाल, सर, आमचा मसाल्याचा, कपड्याचा, बेकरीचा धंदा, आम्हाला गेमचं काय? सांगतो. प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो: पहिलं प्रॉडक्ट बऱ्यापैकी चालतंय, आता त्याचाच दुसरा प्रकार काढू की एकदम वेगळं काहीतरी सुरू करू? हाच प्रश्न घेऊन जगातल्या तीन कंपन्या, निन्टेंडो, सोनी आणि मायक्रोसॉफ्ट, वर्षानुवर्षं डोकं खाजवतायत. त्यांचे आकडे बरेचसे उघड आहेत. तुमच्या शेजारच्या दुकानदाराचे आकडे तुम्हाला कधीच मिळणार नाहीत, यांचे मिळतात. म्हणून यांच्याकडून शिकायचं.

एक खुलासा आधीच करतो. या लेखात ‘फ्रँचायझी’ म्हटलं की वडापावच्या गाड्याची फ्रँचायझी नव्हे. गेमच्या धंद्यात फ्रँचायझी म्हणजे एका नावाखाली येणारी मालिका. मारिओ ही एक फ्रँचायझी. पहिला भाग, दुसरा भाग, तिसरा भाग, असं चालू राहतं.

यंत्र विकून पैसे मिळत नाहीत

घरी टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, त्याला कन्सोल म्हणतात. सोनीचं प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स, निन्टेंडोचं स्विच. हे यंत्र विकून कंपनीला फार काही मिळत नाही. कधी कधी तर पदरचे जातात. २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ आलं तेव्हा सोनी प्रत्येक नगामागे तोटा सोसत होती. मग कमाई कुठून? गेममधून. स्वतःचा गेम विकला तर पूर्ण नफा आपला. दुसऱ्या कंपनीने आपल्या यंत्रावर गेम विकला तर साधारण तीस टक्के आपल्याला.

म्हणजे कन्सोल हे दुकान आहे. बाकीच्या कंपन्या त्यात आपला माल ठेवतात आणि दुकानदाराला टक्केवारी देतात. पण अडचण अशी, की हा बाहेरचा माल तीनही दुकानांत मिळू शकतो. फुटबॉलचा गेम इथेही आहे आणि तिथेही. मग गिऱ्हाइकाने माझ्याच दुकानाची पायरी का चढावी? कारण माझ्याकडे एक वस्तू अशी आहे जी दुसरीकडे कुठेच नाही. मारिओ हवा असेल तर निन्टेंडोकडे यावंच लागेल.

म्हणून कन्सोल कंपनीच्या स्वतःच्या गेमला दोन कामं असतात. एक, स्वतः खपायचं. दोन, गिऱ्हाइकाला दुकानात आणायचं. दुसरं काम जास्त महत्त्वाचं. आता नीट बघा: जुन्या मालिकेचा पुढचा भाग जुन्या गिऱ्हाइकाला परत आणतो. त्याला समजावून सांगावं लागत नाही, जाहिरातीत निम्मं काम नावच करतं. पण जो माणूस तुमच्या दुकानात आजवर कधी आलाच नाही, त्याला चौथ्या भागाचं काय कौतुक? त्याने पहिले तीन कुठे बघितलेत? त्याला आणायला बहुतेक वेळा नवीनच काहीतरी लागतं.

एवढं डोक्यात ठेवा आणि पुढे चला.

पडून राहिलेल्या मालातून मारिओ

निन्टेंडो ही कंपनी १८८९ सालची. क्योटो शहरात फुसाजिरो यामाउची यांनी सुरू केली, आणि तेव्हा ती पत्ते बनवायची. हानाफुदा नावाचे जपानी पत्ते. व्हिडिओ गेम फार नंतरचे.

१९८० च्या आसपास कंपनीने अमेरिकेत ऑफिस उघडलं. तिथला कारभार होता मिनोरू अराकावा यांच्याकडे. हे कंपनीचे मालक हिरोशी यामाउची यांचे जावई. जावयाने ‘रडार स्कोप’ नावाच्या गेमची सुमारे ३,००० मशिनं मागवली. ही म्हणजे नाणं टाकून खेळायची मोठी कपाटं. मशिनं जहाजाने पोहोचेपर्यंत बाजाराचा रंग बदलला. हजारच्या आसपास विकली गेली, उरलेली दोन हजार गोदामात. भांडवल अडकलं, गोदामाचं भाडं चालू, आणि सासरेबुवा जपानात. परिस्थितीची कल्पना करा.

मालकांनी काय केलं? नवीन मशिनं पाठवली नाहीत. कपाटं तीच ठेवायची आणि आतला गेम तेवढा बदलायचा, असं ठरलं. काम दिलं शिगेरू मियामोतो नावाच्या तरुणाला, जो १९७७ मध्ये कंपनीत लागला होता आणि ज्याने तोवर एकही गेम स्वतः रचलेला नव्हता. वर देखरेखीला गुनपेई योकोई हे अनुभवी इंजिनिअर. आधी विचार होता पॉपाय या प्रसिद्ध कार्टूनची पात्रं वापरायची. हक्क मिळाले नाहीत. मग स्वतःचीच पात्रं काढली. एक मोठं माकड, एक सुतार आणि त्या माकडाने पळवलेली मुलगी. १९८१ मध्ये ‘डाँकी काँग’ आला आणि तुफान चालला. त्यातल्या सुताराचं नाव आधी नुसतं ‘जम्पमॅन’ होतं. पुढे तो मारिओ झाला. हे नाव आलं निन्टेंडोच्या अमेरिकेतल्या गोदामाच्या जागामालकावरून. ज्याचं भाडं द्यायचं त्याचंच नाव हिरोला!

मला ही गोष्ट फार आवडते, आणि नशिबासाठी नाही. बघा, नवीन फ्रँचायझी जन्माला घालायला त्यांनी किती पैसे लावले? कपाटं आधीचीच होती. आतले भाग बदलायचा खर्च तेवढा. नवी कल्पना, जुनं सामान.

पुढे १९८५ मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आला. हा गेम चार कोटींहून जास्त घरांत पोहोचला, अर्थात बऱ्याच जणांना तो यंत्रासोबतच मिळाला होता. आता पुढचा भाग काढायलाच हवा. जपानात १९८६ मध्ये काढला. काय होता? पहिल्यासारखाच, फक्त खूप अवघड. मिरची वाढवलेली तीच भाजी. अमेरिकेतल्या ऑफिसने तो बघितला आणि सांगितलं, हा इथे नको. आमचं गिऱ्हाईक वैतागेल.

मग त्यांनी एक भलताच उद्योग केला. १९८७ मध्ये जपानात ‘डोकी डोकी पॅनिक’ नावाचा दुसराच गेम निघाला होता. फुजी टीव्हीच्या एका कार्यक्रमासाठी बनवलेला. त्यात भाज्या उपटून शत्रूवर फेकायच्या होत्या. मारिओशी काडीचा संबंध नाही. त्यातली पात्रं काढली, मारिओ आणि मंडळी बसवली, आणि १९८८ मध्ये अमेरिकेत ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ म्हणून विकला. लोकांनी डोक्यावर घेतला. नाव जुनं, आतला माल पूर्ण नवा.

निन्टेंडोने ही युक्ती नंतर कधी सोडली नाही. १९९२ मध्ये मारिओला गाडीत बसवून ‘मारिओ कार्ट’ काढला. खरं बघता तो शर्यतीचा नवा गेम, पण पाटीवर ओळखीचा चेहरा. आधी नवीन खेळ कसा असेल ते ठरवायचं, मग त्याला कुठला चेहरा शोभतो ते बघायचं, असा त्यांचा क्रम. आपल्याकडे बहुतेक जण उलटं करतात. नाव झालं की त्या नावाखाली काहीही विकायला काढतात.

जेव्हा जुनं नाव कमी पडलं

आता निन्टेंडोचा वाईट काळ बघू. वाईट काळातच धंदा कळतो.

२००६ मध्ये त्यांचं ‘वी’ नावाचं यंत्र आलं. हातात रिमोट धरून टेनिस खेळल्यासारखा हात फिरवायचा. सोबत ‘वी स्पोर्ट्‌स’ हा नवा गेम. ज्या आजी-आजोबांनी आयुष्यात गेम खेळला नव्हता तेही खेळले. यंत्रं विकली गेली १० कोटींहून जास्त.

नंतर २०१२ मध्ये आलं ‘वी यू’. नाव जवळजवळ तेच, त्यामुळे हे नवीन यंत्र आहे की जुन्याला जोडायचा एखादा भाग, हेच लोकांना कळेना. सोबत गेम कुठला? ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स यू’. गंमत म्हणजे त्याच वर्षी काही महिने आधी त्यांच्या हातात धरायच्या यंत्रावर ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स २’ येऊन गेला होता. नावातला ‘न्यू’ तेवढा नवीन. वी यू विकलं गेलं एकूण १ कोटी ३५ लाख. दहा कोटींवरून दीड कोटीच्याही आत!

गेम वाईट होते का? अजिबात नाही, आणि याचा पुरावा आहे. २०१४ मध्ये वी यू वर ‘मारिओ कार्ट ८’ आला. खप साधारण ८४ लाख. तोच गेम थोडी भर घालून २०१७ मध्ये ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’ म्हणून स्विच या पुढच्या यंत्रावर आणला. खप सहा कोटींच्या पुढे! माल तोच. फरक दुकानातल्या गर्दीचा. यावरून एक गोष्ट पक्की कळते: पुढचा भाग आलेल्या गर्दीला भरपूर विकतो, पण गर्दी नसेल तर ती एकट्याने ओढून आणणं त्याला जमेलच असं नाही. आणि वी यू ला गर्दी ओढण्याचीच गरज होती.

याच मंदीच्या दिवसांत कंपनीच्या आत एक छोटा प्रयोग चालू होता. पडद्यावर टोफूच्या तुकड्यांसारखे चौकोनी ठोकळे, एक पांढरा, एक काळा. एकमेकांवर शाई उडवायची आणि जमीन आपल्या रंगाची करायची. ठोकळ्यांना नाक नाही, डोळे नाहीत. पण खेळायला मजा येत होती. मग चर्चा सुरू झाली की याला चेहरा कुणाचा द्यायचा? मारिओचा विचार झाला. सशांचा झाला. पण ससा शाई का उडवेल? शेवटी स्क्विड. म्हणजे तो शाई सोडणारा समुद्रातला प्राणी, आपल्याकडे कोळीवाड्यात ज्याला माकुल म्हणतात. तो शाई सोडतोही आणि शाईत पोहूही शकतो. खेळ आणि पात्र एकमेकांत चपखल बसले.

मे २०१५ मध्ये ‘स्प्लाटून’ आला. या कामाचे निर्माते हिसाशी नोगामी हे ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ या जुन्या, शांत मालिकेवर वर्षानुवर्षं काम केलेले गृहस्थ. म्हणजे गेम नवा, हात अनुभवी. वी यू चालत नव्हतं तरी स्प्लाटून जवळजवळ ५० लाख खपला. १ कोटी ३५ लाख यंत्रांत ५० लाख! दर तीन घरांत एकाहून थोडा जास्तच. वी यू वाचलं नाही, ते मी सांगणारही नाही. एक नवीन वस्तू पडत्या दुकानाला वाचवते ही सिनेमातली गोष्ट. पण पुढचं बघा. दोन वर्षांनी ‘स्प्लाटून २’, आणि २०२२ मध्ये ‘स्प्लाटून ३’ आला तेव्हा एकट्या जपानात पहिल्या तीन दिवसांत ३४ लाख ५० हजार नग गेले. मंदीत पेरलेलं सात वर्षांनी कापलं.

सगळंच उगवतं असं नाही. २०१७ मध्ये त्यांनी ‘आर्म्स’ नावाचा आणखी एक नवा गेम काढला. स्प्रिंगसारखे लांब हात असलेल्या लोकांची बॉक्सिंग. वीस लाखांच्या पुढे खपला, पण दुसरा भाग अजून आलेला नाही. त्यातली मिन मिन ही मुलगी मात्र त्यांनी २०२० मध्ये ‘स्मॅश ब्रदर्स’ या मोठ्या गेममध्ये आणून बसवली. टाकून काही दिलं नाही. मला वाटतं निन्टेंडोचं खरं कौशल्य इथे आहे: न चाललेला प्रयोग त्यांना बुडवत नाही, कारण मारिओ कार्ट बाजूला पैसे आणत असतो. २०१७ साली स्विचवर झेल्डा होता, मारिओ होता, मारिओ कार्ट होता. त्या जोरावर आर्म्स काढणं परवडलं.

सोनी: माणसं तीच, पाटी नवी

सोनीची पद्धत वेगळी. त्यांच्याकडे मारिओसारखा चाळीस वर्षं चालणारा चेहरा नाही. म्हणून त्यांनी अनुभवी टीमला पाटी बदलू दिली. नॉटी डॉग या स्टुडिओचं उदाहरण घ्या. १९९६ मध्ये ‘क्रॅश बँडिकूट’, २००१ मध्ये ‘जॅक अँड डॅक्स्टर’, २००७ मध्ये ‘अनचार्टेड’, २०१३ मध्ये ‘द लास्ट ऑफ अस’. दर पाच-सहा वर्षांनी नवी मालिका, मधल्या काळात त्याच मालिकेचे पुढचे भाग. गुरिल्ला नावाचा नेदरलँड्समधला स्टुडिओ जवळजवळ दहा वर्षं ‘किलझोन’ ही बंदुकीची मालिका बनवत होता. मग २०१७ मध्ये ‘होरायझन झीरो डॉन’ काढला: जंगल, धनुष्यबाण हातात घेतलेली मुलगी आणि यांत्रिक डायनासोर. पाच वर्षांच्या आत दोन कोटींवर खपला. किलझोन करताना जी माणसं तयार झाली, जी तंत्रं बसली, ती सगळी होरायझनला उपयोगी पडली. नवं फक्त गिऱ्हाइकाला दिसलं.

मग हे चक्र मंदावलं का? खर्च. जून २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका कोर्टात सोनीची काही कागदपत्रं जमा झाली. गुप्त आकडे काळ्या मार्करने खोडले होते, पण स्कॅन केल्यावर मार्करखालचं दिसत होतं! (एवढ्या मोठ्या कंपनीचे वकील आणि साधा मार्कर. असो.) त्यातून कळलं की ‘द लास्ट ऑफ अस’च्या दुसऱ्या भागाचा खर्च सुमारे २२ कोटी डॉलर, आणि होरायझनच्या दुसऱ्या भागाचा सुमारे २१ कोटी २० लाख डॉलर. तेव्हाच्या दराने पहिला आकडा साधारण १,८०० कोटी रुपये. एका गेमचे.

एवढे पैसे लावायचे तर मीटिंगमध्ये बसलेला कुठला मॅनेजर म्हणेल की चला, कुणी नावही न ऐकलेलं काहीतरी करू? तो म्हणणार पुढचा भाग काढा. त्याच्या जागी तुम्ही-मीही तेच म्हणू. नोकरी त्याचीही आहे. म्हणजे कल्पना आटल्या म्हणून पुढचे भाग येतात असं नाही, एकेक डाव फार मोठा झाला म्हणून येतात. हे वाक्य आपल्यालाही लागू आहे. दुकानाचं भाडं, कर्जाचा हप्ता, महागडं मशीन, हे जितकं वाढेल तितकं नवीन करून बघायचं धाडस कमी होतं. खर्च आपला स्वभाव बदलतो.

२०२४ च्या सप्टेंबरात सोनीचे हिरोकी तोतोकी यांनीही एका मुलाखतीत कबूल केलं की स्वतः सुरुवातीपासून वाढवलेली पात्रं आणि मालिका आपल्याकडे पुरेशा नाहीत. इतकी मोठी कंपनी, आणि गोठ्यात वासरं कमी.

आता परत कॉन्कॉर्डकडे. ‘म्हणजे नवीन काढू नये’ असा निष्कर्ष कुणी काढेल, म्हणून त्याच वर्षीचा तिसरा गेम शेजारी ठेवतो. फेब्रुवारी २०२४, ‘हेलडायव्हर्स २’. प्रकाशक सोनीच. किंमत ४० डॉलर. कॉन्कॉर्डची किंमतही ४० डॉलर. दोन्ही इंटरनेटवर मित्रांसोबत खेळायचे, बंदुकीचे. हेलडायव्हर्स २ बारा आठवड्यांत १ कोटी २० लाख खपला. कॉन्कॉर्ड चौदा दिवसांत बंद.

हेलडायव्हर्स हा दुसरा भाग, हे खरं. पण पहिला भाग २०१५ चा, छोटासा, वरून खाली बघत खेळायचा गेम. अ‍ॅरोहेड या स्वीडनमधल्या स्टुडिओने दुसऱ्या भागात सगळं रूपच बदललं, खेळाडूच्या पाठीमागून दिसणारं मोठं युद्धाचं मैदान केलं. पहिल्या भागाचं गिऱ्हाईक मोजकं होतं, म्हणजे नुसत्या नावावर तो खपला असं म्हणता येणार नाही. आणि कॉन्कॉर्ड नवा म्हणायचा तर कशाने? पाच विरुद्ध पाच, वेगवेगळ्या शक्तींचे हिरो, एकमेकांवर गोळीबार. हे ‘ओव्हरवॉच २’, ‘व्हॅलोरंट’, ‘एपेक्स लेजंड्‌स’मध्ये लोक आधीच खेळत होते. आणि फुकट! नाव नवं, पात्रं नवी, पण गिऱ्हाइकाच्या हातात पडणारी वस्तू जुनी, वर ४० डॉलर.

इथे माझं मत स्पष्ट सांगतो. ‘दुसरा भाग की नवी मालिका’ हा प्रश्न पाटीवर काय लिहिलंय एवढाच राहतो. खरं बघायचं ते पाटीखाली. अमेरिकेतला मारिओ २ पाटीने जुना, आतून नवा. कॉन्कॉर्ड पाटीने नवा, आतून जुना. पैसे कुणी कमावले ते तुम्ही वाचलंत.

मायक्रोसॉफ्ट: एकाच खांबावर तंबू

हे थोडक्यात उरकतो. २००१ मध्ये एक्सबॉक्स आलं, सोबत ‘हेलो’. गेम बनवणारी बंजी कंपनी मायक्रोसॉफ्टने आदल्या वर्षी विकत घेतली होती. हेलोने यंत्र चालवलं. पण २००७ मध्ये बंजी वेगळी झाली, हेलोचं नाव मायक्रोसॉफ्टकडे राहिलं आणि ते चालवायला नवीन टीम उभी केली. कारागीर गेला, पाटी राहिली. नोव्हेंबर २०२० मध्ये नवं एक्सबॉक्स आलं तेव्हा हेलो तयारच नव्हता, तो आला वर्षभराने. नव्या दुकानाचं उद्घाटन आणि मुख्य मालच नाही.

घरी नवीन मालिका पुरेशा वाढल्या नाहीत म्हणून मग बाहेरून विकत घेण्याचा सपाटा. २०१४ मध्ये ‘माइनक्राफ्ट’ अडीचशे कोटी डॉलरला. २०२१ मध्ये बेथेस्डाची मूळ कंपनी साडेसातशे कोटी डॉलरला. २०२३ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड ६,८७० कोटी डॉलरला. हा शेवटचा आकडा रुपयांत पाच लाख कोटींच्या वर जातो.

आणि याच घरात एक नवी वस्तू तयार झाली होती. जानेवारी २०२३, ‘हाय-फाय रश’, टँगो गेमवर्क्स या जपानी स्टुडिओचा. संगीताच्या ठेक्यावर मारामारी. जाहिरात न करता एका दिवशी जाहीर केला आणि त्याच दिवशी विक्रीला. समीक्षकांनी कौतुक केलं, बक्षिसं मिळाली. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो स्टुडिओ बंद करायचं जाहीर केलं. काही महिन्यांनी क्राफ्टन या कोरियन कंपनीने टीम आणि गेम दोन्ही आपल्याकडे घेतले. क्राफ्टन म्हणजे तीच, जिचा बीजीएमआय तुमची मुलं मोबाइलवर खेळतात. आणि हेलो? त्याच्या पहिल्या भागाची नवी आवृत्ती २०२६ साठी जाहीर झाली, आणि ती प्लेस्टेशनवरही येणार असं सांगितलं गेलं. ज्या वस्तूसाठी लोक तुमच्या दुकानात यायचे ती आता समोरच्या दुकानात.

छोटा रोबो मोठा कसा झाला

शेवटी अ‍ॅस्ट्रो. कारण आपल्यासारख्यांना परवडणारा रस्ता हाच आहे, १,८०० कोटींचा नव्हे.

२०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ सोबत ‘द प्लेरूम’ नावाचा छोटा कार्यक्रम फुकट येत असे. कॅमेऱ्यासमोर बसलात की पडद्यावर तुमच्या खोलीत छोटे रोबो बागडायचे. विकायला नव्हताच, यंत्र काय करू शकतं ते दाखवायला होता. नमुन्याची पुडी म्हणा. लोकांना रोबो आवडले हे टीमच्या लक्षात आलं. २०१८ मध्ये डोळ्यांवर चष्मा लावून खेळायच्या यंत्रासाठी त्याच रोबोचा एक पूर्ण गेम काढला. त्या चष्म्याचं गिऱ्हाईक थोडं, म्हणजे डावही थोडक्यात. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आलं, त्यात ‘अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम’ आधीच भरलेला. पुन्हा फुकट. यंत्र घेतलेल्या प्रत्येक घरात रोबो पोहोचला. आणि मग २०२४ मध्ये मोठा, पैसे देऊन घ्यायचा ‘अ‍ॅस्ट्रो बॉट’. दोन महिन्यांत १५ लाख खपला. मारिओच्या तुलनेत किरकोळ, पण साठ-पासष्ट माणसांच्या टीमला हे वजन पेलतं.

आता याला नवी मालिका म्हणायचं की चौथा भाग? मला सांगता येत नाही, आणि गिऱ्हाइकालाही त्याचं काही पडलेलं नाही. अकरा वर्षं चाखायला दिलं, दर वेळी थोडं मोठं केलं, आणि लोक मागायला लागले तेव्हा किंमत लावली.

तुमच्याकडे कांदा-लसूण मसाला चालत असेल आणि डोक्यात चटण्यांचा विचार असेल, तर तीन हजार बरण्या आणि नवीन लेबल छापायच्या आधी मसाल्याच्या प्रत्येक ऑर्डरसोबत एक छोटी पुडी जाऊ द्या. तीन-चार महिने. कोण परत फोन करून ‘ती चटणी मिळेल का’ विचारतं त्याची वही ठेवा. आणि हे मसाला जोरात असतानाच करा. मसाल्याचा खप पडल्यावर पुडीचा खर्चसुद्धा डोळ्यात येतो.

एक गोष्ट राहिली. जून २०२५ मध्ये निन्टेंडोने स्विच २ आणलं. उद्घाटनाला कोण? पुन्हा मारिओ कार्ट. पण या वेळी आखलेल्या रस्त्यावरच्या शर्यतीऐवजी एक सलग मोकळं जग केलं, वाटेल तिकडे गाडी वळवा. तेव्हा अमेरिकेत गेमची किंमत ८० डॉलर होती, यंत्राची ४५०. दोन्ही एकत्र घेतलं तर ५०० पडायचे. म्हणजे ८० चा गेम ५० ला. हे तीस डॉलर निन्टेंडोने का सोडले, आणि तुम्ही दिवाळीच्या गिफ्ट बॉक्समध्ये असं किती सोडू शकता, याचं गणित पुढच्या व्हिडिओत फळ्यावर करून दाखवतो. वही-पेन घेऊन बसा.